भिंतीवरचे तीन ठोके

इकडं ये आपा, जवळ बस. लांबून हसू नको. आधी माझं ऐकून घे, मग तुझं ते 'सुन गे कुसुम' चालू कर. ही काय रीत झाली का? पानात अन्नाचं शीत टाकू द्यायची नाहीस कुणाला, अन् भांडण मात्र अर्धं टाकून उठून गेलीस. नऊ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस, मी तुझ्याशी बोलले नाही. दहाव्या दिवशी सकाळची नमाज पढून जरा आडवी झालीस ती उठलीच नाहीस. अन् आदल्या दिवशी भिंतीवर ठोकून गेलीस. एकदा नाय, दोनदा नाय, तीनदा. त्या तीन ठोक्यांनी मला बारा दिवस घास गोड लागू दिला नाही, ठाऊक आहे का तुला?

आज लिहायला बसले ते जीव हलका झाला म्हणून. पण पहिल्यापासून लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. मला मधूनच सांगता येत नाही, तू नेहमी चिडायचीस त्याच्यावर.

क्रांती चौकाच्या मागची आपली गल्ली. तुझं घर अन् माझं घर, मधी भिंत एकच. मी पिशोरहून लग्न होऊन आले तेव्हा त्या भिंतीला तुझ्या बाजूनं हिरवा रंग होता अन् माझ्या बाजूनं पिवळा, एवढाच काय तो फरक. पुढं केबलला बॉक्स लावायची सक्ती झाली. तुझे मियाँ नुकतेच गेले होते. तू म्हणलीस, मेरेकू नक्को बॉक्स-बिक्स. मी म्हणलं, नको कसा? माझ्याच बॉक्समधून वायर ओढू. केबलवाला डोकं खाजवायला लागला. "काकी, एक बॉक्स एकाच घराला असतो." तू ओढणी सारखी करून त्याला म्हणलीस, "घर एकच है बेटा. बीच में दीवार आ गयी, बस."

पोरगा हसला अन् त्यानं भिंतीला भोक पाडलं.

आता बॉक्स एक म्हणजे चॅनल पण एकच. माझ्याकडं जे लागंल तेच तुझ्याकडं दिसणार, अन् रिमोट माझ्या हातात. मग तू ठोके काढलेस. एक ठोका म्हणजे बदल. दोन ठोके म्हणजे राहू दे. अन् तीन म्हणजे टीव्हीचं काही नाही, हातातलं टाक अन् इकडं ये. तीन आपण जपून वापरले. तुझ्या सुनेला, शबानाला, कळा सुरू झाल्या तेव्हा तू मारलेस. माझ्या संदीपच्या वडलांना घेरी आली तेव्हा मी मारले. चुकून कुणी तीन मारत नव्हतं.

चुका एक-दोनवरच व्हायच्या. आठवतं का, एकदा दुपारी तुझा ठोका आला, मी चॅनल बदललं. पुन्हा आला, पुन्हा बदललं. ठोक्यावर ठोका, ठोक्यावर ठोका. मी म्हणलं हिला आज काय पाहिजे तरी काय? बदलता बदलता पार त्या न कळणाऱ्या भाषांच्या चॅनलांपाशी गेले, बोट दुखायला लागलं. शेवटी तू तणतणत दारात. "क्या हुआ गे तेरेकू? टीव्हीकू दौडा रही क्या?" तुझ्या हाताला लसणाचा वास. तू आपली भिंतीला टेकून खलबत्त्यात आलं-लसूण कुटत होतीस! दोघी उंबऱ्यातच बसलो हसत. त्या दिवसापासून खलबत्ता तू मोरीजवळ नेलास.

संदीपचे वडील कबड्डी लावायचे, तर तुला पण कबड्डीच बघावी लागायची. सुरुवातीला एक ठोका, एक ठोका करून भिंत झिजवलीस. पुढं पुढं आम्ही दुसरं काही लावलं की तिकडून ठोका यायचा, अन् लावायची काय, तर कबड्डी! रोज्यात मी चुकून भज्यांचा कार्यक्रम लावला तर भोकातून तुझा आवाज, "रोजे में खाना मत दिखा, जालिम!" अन् माझ्या चतुर्थीला तुझ्याकडं रिमोट नव्हता म्हणून तू बगाऱ्या भाताची फोडणी मुद्दाम भिंतीजवळच्या शेगडीवर द्यायचीस. बघ, मला सगळं कळत होतं.

एक मात्र तुला कळत नव्हतं, असं मी धरून चालले होते. कधी कधी तुझा एक ठोका यायचा अन् मला बदलायचं नसायचं. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. नंतर तू विचारलंस की म्हणायची, "डोळा लागला होता गं आपा." एवढ्या वर्षांत मी दुपारची एकदाही झोपले नाही. पाठ टेकली की कंबर दुखते माझी. पण तू साऱ्या गल्लीत सांगायचीस, कुसुमला दुपारी उठवू नका, तिला झोप लागते.

माझं वाचणं पण त्या टीव्हीनंच केलेलं. शाळेत मी चौथीच्या पुढं गेले नाही, अक्षर यायचं पण लावून लावून. बातम्यांच्या खाली ती पट्टी पळते ना, ती मी मोठ्यानं वाचायला लागले. पट्टी थांबत नाही, म्हणून वाचणं पळायला लागलं. तू उर्दू वाचणारी, तुला ती पट्टी म्हणजे मुंग्या. तिकडून ओरडायचीस, "कुसुम, मुंग्या क्या बोल रहे?" मी भोकाजवळ तोंड नेऊन सांगायची, भाव पडले, पाणी सोडलं, अमका निवडून आला. तुला वाचून दाखवता दाखवता मी वाचायला शिकले. आज ही चार पानं लिहिते आहे ती त्याच्या जोरावर. हे मी तुला कधी म्हणलं नाही. म्हणायचं राहिलं.

आता भांडणाचं.

संदीप चितेगावच्या कंपनीत जातो, पण त्याचं बरंचसं काम आता घरून फोनवर असतं, म्हणून त्यानं वायफाय घेतलं. नवा टीव्ही आणला. म्हणाला, "आई, आता केबल कशाला? पाहिजे ते पाहिजे तेव्हा बघ." मी आठ दिवस बघितलं अन् खरं सांगते आपा, मला लई मोकळं वाटलं. ते बातम्यावाल्यांचं भांडण बंद. एका सीरियलमधी तीनदा येणाऱ्या त्या साबणाच्या जाहिराती बंद. शेकडो चॅनल फिरून शेवटी काहीच न बघता उठायचं, ते पण बंद. घरात शांतता काय असते ते मला या वयात कळलं. मग मी म्हणलं, बॉक्स काढून टाकू.

तुला सांगायला मी स्वतः आले होते. तू चहा टाकत होतीस.

"निकाल, निकाल," तू म्हणलीस. "मेरा टीव्ही अंधा कर दे."

"अंधा कशाला? शबानाच्या फोनमधी सगळं दिसतं. चारची सीरियल पण दिसते."

"फोन में? फोन मेरेकू पूछता, क्या होना? मैं कायकू बताऊं? केबल का अच्छा है, मेहमान के जैसा. जो आया वो आया. बैठा, हसाया, गया. फोनकू तो बुलाना पडता."

"मग बोलव की. तोंड आहे ना तुला?"

"इत्ते साल किसकू नहीं बुलायी मैं. जो आना, खुद आता."

मी पण चिडले. म्हणलं, तुझा हट्ट म्हणून मी काय जन्मभर त्या जाहिराती ऐकत बसू? तू चहा माझ्यासमोर ठेवलास अन् पाठ फिरवून भांडी घासायला लागलीस. चहात साखर नव्हती. तू विसरलीस का मुद्दाम, ते आजपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी केबलवाला आला, बॉक्स काढला, वायर ओढून घेतली. ती वायर भोकातून सरसर सरसर माझ्या घरात आली तेव्हा मला जरा कसंतरी झालं. पण बॉक्स गेला अन् कपाटावरची जागा मोकळी झाली, मी तिथं पुसून फुलदाणी ठेवली, अन् मला बरंच वाटलं. खोटं कशाला लिहू?

नऊ दिवस. तू गच्चीवर आलीस की मी खाली. मी भाजीवाल्यापाशी आले की तू आत. नवव्या दिवशी चार वाजून गेले असतील, मी मेथी निवडत बसले होते, फोन पिठाच्या डब्याला टेकवून. भिंतीवर ठोका पडला. मग दुसरा. मग तिसरा.

अन् मी उठले नाही आपा.

मला वाटलं, टोमणा मारतेय. बॉक्स गेला, वायर गेली, आता कशाला ठोकतेस? ठोक म्हणलं, किती ठोकायचं तेवढं ठोक. मेथीची जुडी संपवली, दुसरी सोडली. पुन्हा ठोका आला नाही. मला वाटलं, हरली. एवढंसं बरं पण वाटलं मला. तेच मला नंतर खात होतं.

सकाळी शबानाचं ओरडणं आलं भिंतीतून, तेव्हा मी अनवाणी पळत आले. तू अंथरुणावर, तोंडावर नेहमीची शांती, हात उशाखाली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. सगळे म्हणाले चांगलं मरण आलं. मी तिथंच भिंतीला टेकून बसले अन् माझ्या डोक्यात एकच. काल चारला हिच्या छातीत दुखलं असंल. हिनं मला बोलावलं. जपून वापरायचे ते तीन ठोके हिनं मारले, अन् मी मेथी निवडत बसले.

तिसऱ्या दिवशी तुझ्या जियारतीला आले तेव्हा शबानाच्या डोळ्याला डोळा दिला नाही मी. संदीप विचारायचा, आई जेवत का नाहीस? त्याला काय सांगू? नवीन टीव्ही मी बारा दिवस लावला नाही. ती शांतता, जिचं मला एवढं कौतुक होतं, ती आता नकोशी झाली. भिंतीकडं पाठ करून बसायची.

काल दुपारी शबाना आली. हातात तिचा फोन. दारातच म्हणाली, "काकी, तुमकू एक चीज दिखानी है. मेरेकू पूरा पढने नहीं आता हिंदी, आप पढो. अम्मी का है."

मी म्हणलं, बस.

तिनं व्हिडिओचं ॲप उघडलं. त्यात आपण काय काय शोधलं त्याची यादी राहते, हे मला पण माहीत नव्हतं. शबाना म्हणाली, तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी दुपारी फोन मागितलास. तिनं तुला तो माईक दाखवला, म्हणाली, अम्मी, इसमें बोलो, लिखने का काम नहीं. अन् ती शिलाई मशीनवर जाऊन बसली. तू बोलत गेलीस अन् फोन लिहीत गेला. शेवटचं सगळ्यात वर असतं, म्हणून मी खालून वाचायला लागले.

सगळ्यात खाली लिहिलं होतं: अस्सलाम वालेकुम.

आपा! तू फोनला सलाम केलास! मशीनवर बसलेली ती पोरगी तेव्हाच हसली होती म्हणे, अन् तू तिला म्हणलीस, "पहले सलाम, फिर काम. मशीन हुआ तो क्या हुआ."

त्याच्या वर: बेटा जरा चार बजे वाला लगाना.

त्याच्या वर: वो बडी बहू वाला.

त्याच्या वर फक्त एक शब्द. नौका. मला कळेना, तू होडीचं काय विचारलंस? शबाना पदरात तोंड लपवून हसायला लागली. त्यानं भलतंच काहीतरी लावलं म्हणून तू 'नक्को' म्हणलीस, अन् त्या शहाण्यानं नक्कोचं नौका ऐकलं. मग होड्याच होड्या दाखवल्या तुला. तू म्हणे पाच मिनिटं होड्या बघितल्यास, "आया है तो बैठने दो" म्हणत.

त्याच्या वर: कुसुम के टीव्ही में जो आता वो.

इथं मी थांबले. अक्षरं हलायला लागली, त्या पट्टीसारखी. शबाना म्हणाली, पढो ना काकी.

त्याच्या वर: मिल गया मिल गया.

अन् सगळ्यात वर, शेवटचं: कुसुम को बुला.

"फिर क्या हुआ मालूम?" शबाना म्हणाली. "फोन ने कोई तो कुसुम लायी. कहां की रांगोळी वाली. अम्मी इत्ता हसी, इत्ता हसी. बोली, ये नक्को मेरेकू, इसकी नाक सीधी है. मेरी कुसुम झगडे वाली है. फिर फोन रख दी और खुद उठ के दीवार पे ठोकी. तीन बार."

मी विचारलं, "छातीत दुखत होतं का गं तिच्या?"

"अई, किसने बोला? उस दिन तो अच्छी थी. शाम कू मेरे से झगडके दो रोटी जादा खायी."

बघ आपा, असं सुटलं सगळं. बारा दिवस छातीवर ठेवलेला पाटा त्या पोरीनं एका वाक्यात उचलून बाजूला ठेवला. तू दुखण्यानं बोलावलं नव्हतंस. सापडलं म्हणून बोलावत होतीस. मला दाखवायला, की बघ, मला पण जमलं. म्हणजे भांडणात तू हरलीस, अन् हरल्याचं सांगायला एवढ्या हौसेनं भिंत ठोकलीस. मी रडले का हसले मला कळलं नाही. शबानानंच जाऊन चहा टाकला, माझ्याच घरात.

मग तिनं विचारलं, "आप घर में नहीं थे ना काकी उस टाइम?"

मला खोटं बोलता आलं असतं. दळणाला गेले होते म्हणून सांगता आलं असतं. मी म्हणलं, "घरातच होते बाई. ऐकलं मी. उठले नाही."

ती कप खाली ठेवून म्हणाली, "अम्मी बोली, सोयी होगी वो. उसकू दोपहर की नींद लगती. कल बताऊंगी."

कल बताऊंगी. एवढंच. ना राग, ना काही. तुझ्या मनात उद्या होता आपा. उद्या तू चार वाजता येणार होतीस, फोन नाचवत. मी तुझी वाट अडवली नाही, तुला काही कमी पडू दिलं नाही, तू बॉक्सवाचून आंधळी झाली नव्हतीस. उलट तुला नवा खेळ सापडला होता. हे मला जन्मभर पुरंल.

पण एक विचारते. माझ्या त्या दुपारच्या झोपेवर तुझा खरंच विश्वास होता? का तुला सगळं ठाऊक होतं, अन् तू मला ती झोप देऊन ठेवली होतीस, कधी लागली तर वापरायला? गल्लीभर सांगत फिरायचीस, कुसुमला उठवू नका. आता मला वाटतं, ठाऊक होतं तुला. बिनसाखरेचा चहा पण मुद्दामच होता. बरोबर ना?

आता आपल्या चारच्या सीरियलची खबर सांगते. मोठी सून घर सोडून गेली होती ना, ती परत आली. तू म्हणायचीस ती गेली तेच बरोबर, पुन्हा येऊच नये. मी म्हणायची, येणार अन् यायलाच पाहिजे. तर काल मी अन् शबानानं तिच्या फोनवर दोघींनी मिळून बघितलं. ती आली, पण राहायला नाही. आपली शिलाई मशीन घेऊन गेली. सासू दारात उभी राहून बघत राहिली. आता जिंकलं कोण, सांग? शबाना म्हणते अम्मी. मी म्हणते मी. तुझ्यामागं तुझी सून भांडायला तयार झाली आहे, चिंता करू नको.

शबानाला मी सांगितलंय, ती यादी पुसू नको. ती म्हणाली, तिनं काही बोलायच्या आधीच फोन आपल्या मनानं चारची सीरियल समोर आणतो आता. तुझी सवय त्याला लागली. कधी कधी होड्या पण आणतो.

संदीप आज सकाळी पुट्टी घेऊन आला होता, भोक बुजवायला. मी म्हणलं, राहू दे. तो म्हणाला, आई, झुरळं येतील. मी म्हणलं, येऊ दे, जे यायचं ते येतं. चिंध्यांचा बोळा करून लावलाय. पाहिजे तेव्हा काढता येतो. शबानाची मशीन चालते ती ऐकू येते त्यातून, मला बरं वाटतं.

तू म्हणायचीस, केबल पाहुण्यासारखी, आपली आपण येते, अन् फोनला बोलवावं लागतं. तू केबलसारखी होतीस आपा. मी तुला कधी ये म्हणलं नाही, अन् तू कधी यायची थांबली नाहीस. आता तशी येणार नाहीस, तर बोलावते. जन्मात पहिल्यांदा बोलावते तुला. लाज कसली त्यात, तू तर त्या फोनपाशी माझ्या आधी बोलावून मोकळी झालीस.

तर असं कर. आजपासून मी दुपारी चारला पडत जाईन. कंबर दुखली तर दुखू दे, तुझं म्हणणं खरं करते. डोळा लागला की ये. लवकर ये, फार दिवस लावू नको, पुढचे भाग साठून राहिलेत. फक्त या वेळी ठोकू नको, जाग येईल मला. सरळ आत ये.